छत्री धरायला कोणीतरी

नाही, नाही, मी येणार नाही — हे आधीच सांगून टाकते, मागाहून घोळ नको — पण म्हणून चहा घ्यायचा नाही असं कुठे आहे? बसा. अहो बसा हो दादा. ती खुर्ची नको, ती डुगडुगते, ही घ्या, हीटरजवळची. मोजे जरा बाजूला करते. माझ्या सुनेचे आहेत. तिने रोज भिजवून आणायचे आणि मी रोज वाळत घालायचे, असा कारखाना चाललाय आमचा. साखर घाला की, लाजताय काय, एवढ्या लांबून आलात. आणि किती लवकर! गाडी वळताना खिडकीतून दिसली आणि मी मनात म्हटलं, आली! पाठवली पठ्ठ्याने! मालकीणबाईंना लगेच सांगितलं — या गेस्ट हाऊसच्या मालकीणबाई, त्या आत अंडी फोडताहेत ना, त्या — म्हटलं, बघा, माझ्या मुलाने गाडी पाठवलीय मला न्यायला. तुम्ही म्हणत होतात ना, मुलगा काय करतो, मुलगा काय करतो? हे करतो. मी निरोप ठेवला होता त्याला. फोन उचलला नाही त्याने, मीटिंगमध्ये असेल, मग त्या यंत्रावर बोलले, की बाबा रे, तुझी आई समुद्राच्या टोकाला येऊन बसलीय, जमलं तर एखादी गाडी पाठव. गमतीत म्हटलं हो! आणि त्याने खरंच पाठवली. आता त्याला एवढंच सांगा, की आई म्हणाली, गाडी पाठवलीस त्यातच सगळं पावलं, पण ती येत नाही. तिला इथे काम आहे.

कसलं काम? छत्री धरते मी. हसू नका, सोपं वाटतं ते. माझी सून फोटो काढते — लग्नाबिग्नाचे नाहीत, समुद्राचे. खडक, कडे, ढग, फेस. माणूस औषधाला सापडायचा नाही तिच्या फोटोत. एका प्रकाशकाने मोठं पुस्तक काढायला घेतलंय, पावसातले किनारे, बस, एवढाच विषय, आणि आम्ही दोघी कधीपासूनच्या किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतोय, एक गाव झालं की पुढचं. लोक ऊन पडावं म्हणून जीव टाकतात, आणि ही बाई जरा ऊन पडलं की तोंड पाडून बसते. ‘आई, बघा ना, काय घाण ऊन पडलंय!’ आता यावर काय बोलायचं? तर कॅमेरा भिजून चालत नाही. न्हाणीघरात ठेवतात ना त्या प्लास्टिकच्या टोप्या, केसांना घालायच्या, त्या आम्ही केसांना कधी घातल्या नाहीत, जाऊ तिथून उचलतो आणि कॅमेऱ्याला घालतो. मग ती पुढे एक काळी काच लावते आणि बटण दाबून नुसती उभी राहते, अर्धा अर्धा मिनिट. तेवढ्यात फोटोत लाटांचं धुकं होतं. पाणी दूध सांडल्यासारखं दिसतं, खडक मात्र जागच्या जागी. तेवढ्या वेळात छत्री हलली, काचेवर एक थेंब पडला, की गेलं सगळं. वारा असा आडवा, मी त्याच्या अंगावर छत्री तिरकी करून उभी. थेंब पडलाच तर टिपायचा — पुसायचा नाही हं, पुसला की ओघळ राहतो, टिपायचा. छत्री धरायला लागले त्या पहिल्या आठवड्यात मी छत्र्याच मोडल्या. आता वारा कुठून फिरणार ते मला आधी कळतं. ती म्हणते, ‘आई, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?’ म्हणते ती असं. म्हणायची.

थांबा हं — नाही, ती नाही. कुणीतरी कुत्रं घेऊन चाललंय. ही काच सारखी धुरकट होते, बाहेरचं काही दिसत नाही धड.

सून म्हणते खरं मी, पण आता सून ‘आहे’ म्हणायचं की ‘होती’, हा प्रश्नच आहे. कागदावर नाही. गेल्या वर्षी कागद झाले. पण मी म्हटलं, नवरा-बायकोचं नातं कागदाने तुटत असेल, सासू-सुनेच्या नात्यावर सही कोणी केलीय? आमच्याकडे कोणी काही विचारायलाच आलं नाही! काय झालं — तुम्ही आता त्याच्याच गाडीने आलात, तर त्याच्याबद्दल वाईट सांगत नाही मी, मुलगा गुणी आहे, फोन येतो त्याचा रोज — पण झालं ते चांगलं नाही झालं. मी आंघोळीला गेले होते. दार वाजल्याचं ऐकलं, मला वाटलं पेपर आला. बाहेर येऊन बघते तर कपाट सताड उघडं आणि अर्धी बाजू रिकामी. त्याची अर्धी. ही त्या दिवशी बाहेरगावी, कुठल्याशा खाडीवर. म्हणजे घरात फक्त मी होते, आणि मला सांगायचं, तर मी नळाखाली असतानाची वेळ गाठली त्याने. मी काय अडवलं असतं त्याला? अडवलं असतं म्हणा. पण सांगायचं. माणूस जाताना सांगून जातो. हॉटेलातून जाताना आपण मालकीणबाईंना सांगतो, मग आईला नाही सांगायचं?

संध्याकाळी ही आली, ढोपरापर्यंत चिखल, पाठीवर ते तिपाई का काय त्याचं ओझं. सांगायचं मलाच होतं. दिवसभर घोकून ठेवलेलं सगळं विसरले आणि तोंडातून निघालं, ‘पोरी, तो गेला गं.’ तर ती पांढरीफटक! तिला वाटलं, वारला. भिंतीला धरून खालीच बसली. मग मी घाईघाईने, ‘अगं नाही, नाही, जिवंत आहे, नुसता गेलाय.’ आणि काय सांगू तुम्हाला, आम्ही हसलो. देवाशपथ. ती तशीच उंबऱ्यात बूट न काढता बसलेली, मी कपाटाला टेकलेली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग हसणं थांबलं. पाणी थांबलं नाही. त्या दिवसापासून ती माझी आणि मी तिची. घर त्याच्या नावावर होतं, त्याने विकायला काढलं. मला म्हणाला, ‘आई, तू ये ना माझ्याकडे,’ पण घर लहान, आणि तिथे ती दुसरी, तिला म्हणे घरात फार बोललेलं सोसत नाही, डोकं दुखतं. मी म्हटलं, राहू दे बाबा, तुझ्या घरात नको दुखणं. फोन रोज — म्हणजे रोज नाही अगदी. मध्यंतरी आला होता. माझ्या वाढदिवसाला. दुसऱ्या दिवशी आला, पण आला. म्हणून तर आज ही गाडी बघून — जाऊ दे. चहा गार होतोय तुमचा.

घड्याळ कशाला बघताय सारखं? भरती ना? माहीत आहे मला, खालच्या रस्त्यावर पाणी चढतं, मग गाड्या अडकतात. अजून वेळ आहे, दगड उघडे दिसताहेत. माझं म्हणणं एवढंच, की ती आल्याशिवाय तुम्ही जाऊ नका. तिला दिसू दे. तिला कळू दे, की मला न्यायला गाडी आली होती आणि मी गेले नाही. कारण आज सकाळपासून — तुम्हाला म्हणून सांगते — सकाळपासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. ती निघाली, एकटीच निघाली, छत्री इथेच, ती बघा, दाराशी. आणि दारातून म्हणाली, ‘आई, आज तुम्ही आराम करा. मी लवकर येते. आल्यावर जरा बोलायचंय.’ आता मला सांगा, ‘बोलायचंय’ आणि ‘जरा बोलायचंय’ यात फरक आहे की नाही? चांगल्या बातमीच्या आधी कोणी ‘जरा’ लावतं का? डॉक्टर लावतात. साहेब लावायचे.

साहेब म्हणजे टेलिफोनचे साहेब. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते, निवृत्त होईपर्यंत. डावा कान त्या हेडफोनने खाल्ला, उजवा शाबूत आहे. बोलायची सवय तिथलीच. आणि समोरचा गप्प बसला, तरी लाईन चालू आहे की तुटली, हे मला श्वासावरून कळतं. तुम्ही गप्प आहात, पण लाईन चालू आहे तुमची. दुसरी एक खोड लागली तिथे, ती वाईट: कोणी फोनवर बोलत असलं की कान आपोआप तिकडे. ऐकायचं नसतं हो, पण ऐकू येतं. तर मागच्या आठवड्यात तिच्या त्या प्रकाशकाच्या बाईंचा फोन आला. संपादक. हिने फोन टेबलावर ठेवलेला, आवाज मोठा करून, आणि ती लेन्स पुसत होती, मी इकडे नखं कापत होते. त्या बाई म्हणाल्या, ‘फोटो स्वच्छ आहेत गं, पण तू कुठे आहेस त्यात? पहिल्या दोन गावांचे बघ, श्वास अडकतो. पुढचे सगळे पार्किंगमध्ये उभं राहून काढल्यासारखे आहेत. काय झालंय तुला?’ पार्किंगमध्ये! मला हसूच आलं. म्हटलं काय जीभ आहे बाईची! ही काही हसली नाही. ‘बघते’ म्हणाली आणि फोन ठेवला. लेन्स पुसतच राहिली. मी म्हटलं, ‘मनावर नको घेऊस, खुर्चीत बसून बोलायला काय जातं त्यांचं, इथे येऊन वाऱ्यात उभं राहा म्हणावं.’ तर माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुमचे गुडघे कसे आहेत आज?’ कुठून कुठे!

हे? हे काही नाही, मनगट मुरगळलंय जरा. पट्टी उगाच मोठी बांधलीय. मालकीणबाईंनी सांगितलं ना काहीतरी तुम्हाला दारात? मला वाटलंच. त्यांना सांगायची फार हौस. त्यांच्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका. परवा मी होते म्हणून निभावलं, हे आधी ध्यानात घ्या. खाली तो सपाट खडक आहे ना, पायऱ्यांच्या शेवटी, तिथे उभ्या होतो आम्ही. ती कॅमेऱ्यात डोकं घालून, मी छत्री धरून समुद्राकडे तोंड करून. कारण फोटो काढणाऱ्याला लाट दिसत नाही, त्याचं लक्ष चौकटीत असतं, लाटेवर नजर ठेवायची ती छत्रीवाल्याने. मोठी आली की ओरडायचं. तर आली मोठी. मी ओरडले, ती मागे झाली, लाट फुटली आणि कॅमेरा गेला. तिपाईसकट गेला. पण माणसं वाचली ना? मी ओरडले नसते तर —

असे काय बघताय? काय सांगितलं त्यांनी? ‘म्हातारीला ओढून काढलं’? बरं. ओढलं म्हणजे — अहो, शेवाळ असतं तिथे, काळं, दिसत नाही. ओरडताना मी एक पाऊल मागे टाकलं आणि पाय गेला. घसरले मी. ती आधीच मागे झाली होती, सुरक्षित होती, कॅमेरा हातात होता तिच्या. मग मी पडलेली दिसले तिला. तिने हातातलं सगळं सोडून दिलं आणि माझा रेनकोट पकडला, असा, मानेपाशी, मांजरीने पिल्लाला उचलावं तसा. लाट गेल्यावर आम्ही दोघी खडकावर पालथ्या, आणि ती मला रागावली. कधी नाही ते रागावली. ‘कशाला येता तुम्ही माझ्यामागे?’ असं ओरडली. रात्री माझ्या पायाला मालिश केलं, पण गप्प. तेव्हापासून गप्पच आहे. आता जुना कॅमेरा वापरतेय, त्याचं एक बटण अडकतं. मीही तेव्हापासून — म्हणून तर मुलाला तो निरोप ठेवला. गमतीत असं म्हटलं मी तुम्हाला मघाशी. गमतीत नव्हतं.

काय? हो हो, ऐकते आहे, उजव्या बाजूने बोला. रस्ता लांबचा आहे ते मला माहीत आहे, मुलाच्या शहरापर्यंत पूर्ण दिवस लागतो. — दिवस नाही? दुपारपर्यंत पोचू? छे, कुठलं, तुम्हाला पत्ता चुकीचा दिलाय कोणीतरी. त्याची ती उंच इमारत आहे, सातवा मजला. — घंटाघराच्या मागे? बेकरीच्या वर? लाकडी जिना?

अहो, ते तर माझ्या विहिणीचं घर.

तुम्हाला फोन कोणी केला? — बाईंनी? कोणत्या बाईंनी? तरुण आवाज होता? कधी केला? परवा रात्री. परवा रात्री मी आत पाय शेकत बसले होते, नळ चालू होता. ‘सासूबाईंना नीट, सावकाश घेऊन जा’ म्हणाली? सासूबाई म्हणाली? आणि वेळ दुपारची दिली होती, तुम्हीच भरतीच्या भीतीने लवकर निघालात. अस्सं. म्हणजे ती लवकर येणार, ‘जरा बोलणार’, आणि मग तुम्ही येणार, असा बेत होता. तुम्ही बेत मोडलात दादा. तुमची चूक नाही. बसा, बसा तुम्ही. मी उभीच बरी आहे.

म्हणजे त्याने नाही पाठवली.

नाही, काही नाही. मालकीणबाईंना सांगून बसले मघाशी, एवढंच.

माझी विहीण कशी आहे माहीत आहे का तुम्हाला? दवाखान्यात मेट्रन होती. घर म्हणजे वॉर्ड. उशांचे अभ्रे इस्त्रीचे. आमचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही — मी बोलले की ती घड्याळ बघायची, तुमच्यासारखी. कागद झाले त्यानंतर हिला फोनवर म्हणाली होती, मी ऐकलंय, या उजव्या कानाने, ‘नवरा गेला तर गेला, त्या म्हातारीला कशाला गळ्यात बांधून फिरतेस?’ आणि काल तिचा मला फोन! मला! इतक्या वर्षांत नाही केला. म्हणे, ‘तुम्हाला उशी एक लागते की दोन?’ मी म्हटलं, एक, का हो? तर म्हणे, ‘सहज. मांजराची भीती नाही ना वाटत?’ म्हटलं नाही. ‘जिना चढवतो का, कठडा आहे.’ मला वाटलं, म्हातारपणी हिचं डोकं फिरलं, हिच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा. फोन ठेवून हसले मी. हसले, आणि ती तिथे माझ्यासाठी खोली आवरत होती.

म्हणजे हिने तिला गळ घातली असणार. स्वतःच्या आईपुढे कधी हात पसरले नाहीत या मुलीने, कागद झाले तेव्हा नाही, घर गेलं तेव्हा नाही. माझ्यासाठी पसरले. आणि मला मात्र सांगवेना. ही बाई एका ढगासाठी सकाळपासून दुपारपर्यंत दगडासारखी उभी राहते, आणि दोन वाक्यं बोलायला परवापासून धीर गोळा करतेय! काय सांगणार होती? ‘आई, तुम्ही आता जा.’ एवढंच ना? हे सांगायला काय लागतं?

लागतं. मला विचारा. ‘पोरी, तो गेला गं’ म्हणायला दिवस गेला होता माझा.

पार्किंगमध्ये उभं राहून काढल्यासारखे. अहो, पार्किंगमध्येच उभ्या होतो आम्ही! मी तुम्हाला अभिमानाने सांगणार होते, की जागा मी निवडते. नव्या गावी पोचलो की ती विचारायची, ‘आई, कुठे बरं वाटतंय?’ आणि मी कठडा असेल ती, बाक असेल ती, पायऱ्या कमी असतील ती जागा दाखवायची. ‘इथून छान दिसतंय की गं!’ आणि ती म्हणायची, ‘हो, छान दिसतंय.’ पहिल्या दोन गावांत मी खोलीतच होते, सर्दीने. श्वास अडकतो म्हणाल्या ना त्या बाई, ते त्या दोन गावांचे. मी नव्हते तिथले. एकदाच, परवा, ती मला त्या खडकावर न्यायला नको म्हणत होती, आणि मीच हट्ट धरला, की बघ, मी येऊ शकते. बघितलं तिने.

सकाळी ती निघाली तेव्हा इथूनच बघत होते मी, या खिडकीतून. त्या तिकडच्या टोकाकडे गेली, तो सुळका आहे ना, पक्षी बसतात तो. आणि दादा, ती पळत होती. पळत नव्हती म्हणा, चालत होती, पण काय चालत होती! दगडावरून दगडावर, टण टण, त्या ओझ्यासकट, चढावर हात न टेकता. मी काच पुसून पुन्हा पाहिलं, मला वाटलं दुसरंच कोणी आहे. इतकी वर्षं घरात एकत्र काढली, एवढे किनारे फिरलो, आणि मला वाटायचं, पोरीची चालच संथ आहे. शांत स्वभाव, शांत चाल. अहो, ती माझ्या पावलाने चालत होती! वर्षभर! मी समजत होते की मी छत्री धरलीय, आणि ती — चष्मा पुसते जरा. तुमच्याकडे रुमाल आहे का? नको, हे फडकं आहे लेन्सचं.

राग आला होता मला, मघाशी, तुम्ही घंटाघर म्हणालात तेव्हा. म्हटलं, हीसुद्धा? मला न विचारता? एकाने नळाखाली असताना गाठलं, दुसरी पाय शेकताना. पण ते तसं नाही. तो सांगावं लागू नये म्हणून गेला. ही सांगायचं म्हणून लवकर येतेय. पावसात, ओल्या दगडांवरून, जीव मुठीत धरून लवकर येतेय — मला ‘जा’ म्हणायला. आणि एकदा का ती हे तोंडाने बोलली ना दादा, की तिला जन्मभर ते पुरेल. मी ओळखते तिला. पुढच्या प्रत्येक किनाऱ्यावर उभी राहील आणि तेच वाक्य आठवेल, की मी त्यांना घालवलं. मग सुळक्यावर काय आणि पार्किंगमध्ये काय, फोटो सगळे सारखेच.

एक उशी लागते म्हटलं ना मी विहिणीला? खरं तर दोन लागतात.

आली! ती बघा, पायवाटेवर, निळा रेनकोट. धावतेय वेडी. थांबली. का थांबली? — तुमची गाडी दिसली तिला. बघा, जागच्या जागी उभी राहिली पावसात. आता तिथेच उभी राहून वाक्य जुळवत बसेल. उठा. उठा हो, चहा राहू दे, दुसरा देईल विहीण. ती बॅग घ्या, पलंगाखालची, तपकिरी. भरलेली आहे. सकाळीच भरली, ‘जरा’ म्हणाली तेव्हा. असू दे, नका बघू असं, उचला. ते मोजे नाही, मोजे तिचे आहेत. तुम्ही मागच्या दाराने जा, तिच्या समोर पडू नका, तुम्हाला बघून ती आधी बोलायला लागेल. पहिलं वाक्य माझं झालं पाहिजे. मी म्हणणार, ‘अगं, मीच बोलावली गाडी. कंटाळले मी तुझ्या समुद्राला. तुझ्या आईकडे जाते, मांजर आहे तिथे.’ खोटं आहे हे तिला कळेल. कळू दे. पण म्हणायचं मी. रडले बिडले तर तुम्ही आत यायचं नाही, कितीही वेळ लागला तरी. दार लावून घ्या जाताना. आणि दादा — गाडी सुरू ठेवा. जळू दे पेट्रोल. बंद केलीत तर माझं काही खरं नाही. जा. जा ना आता!